कोयत्याच्या बाईला विमा कुठला?

"गर्भनिरोधकं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग कायदा कशाला?" असं आम्हाला विचारतात. सहा महिने उसाच्या फडावर राबणाऱ्या बाईने दवाखाना गाठायचा कधी? खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 13 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. आणि गर्भनिरोधनाचा खर्च नाकारायची मुभा विमा कंपन्यांना नियमातच आहे!

बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहाने तो फेटाळला. आम्ही ती मागणी सोडलेली नाही. कायदा करा, विम्यात गर्भनिरोधन घ्या, फडावर आरोग्यसेविका पाठवा. बाईचं शरीर उचलीत गहाण पडलेलं नाही.

जय भीम!