बाहेरचे म्हणजे नक्की कोण?

परवा हापिसच्या कँटीनमध्ये क्रिकेटवरून वाजलं. मी जरा कॉलर ताठ करून विदर्भाचे तीन रणजी करंडक मोजून दाखवले : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. तर एक मित्र (अस्सल पुणेकर, हे वेगळं सांगायला नको) म्हणाला, "सोड रे, बाहेरचे खेळाडू आणून जिंकलात तुम्ही!" माझा चहा गार झाला आणि डोकं गरम.

तर मंडळी, २१ डिसेंबर २०१७ ची सकाळ. सेमिस्टर संपवून मी वरोऱ्याला घरी आलो होतो. ईडन गार्डन्सवर विदर्भ विरुद्ध कर्नाटक, रणजीची सेमीफायनल. पहिल्या डावात आपले १८५, त्यांचे ३०१. त्यात एकट्या करुण नायरचे १५३. मग दुसऱ्या डावात आपण ३१३ काढले आणि त्यांना जिंकायला हवे होते १९८. पाचव्या दिवशी सकाळी ८७ रन बाकी, तीन विकेट शिल्लक. सोपं वाटतं ना? पण शेपूट वळवळायला लागलं. अंगणातल्या थंडीत मी मोबाईलवर स्कोअर रिफ्रेश करतोय, आणि गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. शेवटी आकडा आला : कर्नाटक सर्वबाद १९२. पाच रनांनी जिंकलो! रजनीश गुरबानीच्या ६८ रनांत ७ विकेट. नागपूरचा पोरगा, वर सिव्हिल इंजिनिअर. मी असा काही ओरडलो की बाबा पेपर टाकून बाहेर आले.

आता मित्राचा मुद्दा. खोटा नाहीच तो. कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफर मुंबईचा. दुसऱ्या डावात ८१ करणारा गणेश सतीश तर आधी कर्नाटककडूनच खेळलेला. पण मॅच जिंकलो पाच रनांनी. सतीशचे ८१ काढून टाका, हरलो. गुरबानीच्या ७ काढून टाका, तरी हरलो. मग त्या पाचातले घरचे किती आणि बाहेरचे किती, हा हिशोब कुठल्या एक्सेलमध्ये मांडायचा?

"पण बाहेरच्यामुळे घरच्या पोराची जागा जाते, त्याचं काय?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर २०२५ च्या फायनलमध्ये मिळालं. जामठ्यावर केरळविरुद्ध ३ बाद २४ अशी अवस्था. तिथून नागपूरच्या दानिश मालेवारने १५३ केले आणि चौथ्या विकेटसाठी २१५ ची भागीदारी झाली. समोर कोण होतं? करुण नायर! तोच, २०१७ मध्ये आपल्याला धुणारा. घरच्याची जागा गेली नाही, उलट त्याला खेळपट्टीवर सोबत मिळाली.

आणि वरोऱ्याच्या माणसाला 'बाहेरचे' हा शब्द शिवीसारखा वापरता येतच नाही. आमचं गाव जगाला माहीत आहे ते आनंदवनामुळे. बाबा आमटे जन्माने हिंगणघाटचे. आणि ज्या कुष्ठरोग्यांनी ती पडीक जमीन फुलवली, त्यांना त्यांच्याच गावांनी हाकललं होतं. सगळे बाहेरचेच की!

खरं सांगू? मला क्रिकेटचा राग आलाच नव्हता. इथे फ्लॅट शोधताना "कुठले तुम्ही?" याचं उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी पाहिलंय. "काय करून राहिला बे" म्हटलं की टीममध्ये अजूनही खसखस पिकते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की मात्र फोन मलाच येतो. तेव्हा मी बाहेरचा नसतो.

असो. सोमवारी मित्राला एकच प्रश्न विचारणार आहे. कर्नाटकला लोळवणारा तो गुरबानी पुढे महाराष्ट्राकडून खेळला. तुमच्या टीमकडून, राजा. तो बाहेरचा, की विकेट पडेपर्यंत बाहेरचा?