मालक आपला, मग खेळ कुणाचा?

माझा भाचा बारावीत आहे. त्याच्या खोलीत मँचेस्टर सिटीची आकाशी रंगाची जर्सी टांगलेली असते. मागे एकदा सामना पाहता पाहता तो मला म्हणाला, "मामू, इंग्लंडची सगळ्यात तगडी टीम एका मुसलमान मालकाची आहे. तुम्हाला याचा आनंद कसा होत नाही?"

त्या रात्री मी हसून विषय टाळला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. असा प्रश्न विचारणारी मुले आपल्या घराघरांत आहेत, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देतो.

आधी कबुली देतो. मी लेस्टर सिटीचा चाहता आहे. मँचेस्टर आणि लंडनच्या मानाने लेस्टर छोटे शहर. २०१५-१६ चा हंगाम सुरू होताना सट्टेवाल्यांनी या संघाला एकास पाच हजार असा भाव दिला होता, म्हणजे हा संघ जिंकूच शकत नाही असे गृहीत धरले होते. आणि तो जिंकला. त्या संघात रियाद महरेझ होता. पॅरिसच्या उपनगरात वाढलेला, अल्जेरियाकडून खेळणारा. लेस्टरने त्याला फ्रान्समधून साडेचार लाख पौंडांच्या आसपास रक्कम देऊन आणले होते. एन्गोलो कांते होता. माली देशातून फ्रान्सला आलेल्या कुटुंबातला, लाजाळू, मैदानभर धावणारा. त्याची किंमत साठ लाख पौंडांच्याही आत होती. दोघेही मुसलमान. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी त्या वर्षी ही नावे पाठ केली.

पुढे काय झाले? कांते त्याच उन्हाळ्यात तीन कोटी पौंडांहून अधिक किमतीला चेल्सीकडे गेला आणि पुढच्या वर्षी चेल्सी विजेती ठरली. २०१८ मध्ये महरेझ सहा कोटी पौंडांना मँचेस्टर सिटीत गेला आणि तिथे एकामागून एक किताब जिंकत राहिला. लेस्टर २०२३ मध्ये खालच्या विभागात घसरले, २०२४ मध्ये वर आले, २०२५ मध्ये पुन्हा घसरले. खेळाडूंना मी दोष देत नाही. चांगली मजुरी मिळते तिथे कुणीही जाईल. माझा आक्षेप त्या व्यवस्थेवर आहे, जिच्यात छोट्या संघाने एकदा चमत्कार केला की मोठे संघ त्या चमत्काराचे सुटे भाग विकत घेऊन जातात.

हे पूर्वीपासून असेच होते का? नाही. १९६० ते १९६९ या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये आठ वेगवेगळे क्लब विजेते ठरले. त्यांत बर्नली होते, इप्सविच होते. १९७७ मध्ये खालच्या विभागातून वर आलेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७८ मध्ये थेट विजेता झाला आणि पुढची दोन वर्षे युरोपचाही. याउलट १९९२ ते २०२५ या तेहतीस हंगामांत विजेते क्लब किती? फक्त सात.

जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या समतेचा एक खांब अन्यायाचा होता. खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही असा नियम १९६१ पर्यंत होता. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने ती पद्धत चुकीची ठरवली. मजुराचे हात बांधून आणलेली समता मला नको आहे.

पण दुसरा खांब न्यायाचा होता. सामन्याच्या तिकिटांच्या वसुलीतला एक हिस्सा पाहुण्या क्लबाला मिळत असे. विचार साधा होता: समोर प्रतिस्पर्धी आहे म्हणून सामना आहे, आणि सामना आहे म्हणून गल्ला आहे. तेव्हा गल्ल्यावर दोघांचाही हक आहे. १९८३ मध्ये ही वाटणी बंद झाली आणि ज्याचे मैदान मोठे त्याची तिजोरी मोठी झाली. मग १९९२ मध्ये वरच्या विभागातल्या २२ क्लबांनी १८८८ पासून चालत आलेल्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडून प्रीमियर लीग काढली. टीव्हीचा पैसा खालच्या विभागांशी वाटून घ्यायचा नव्हता, हे त्यामागचे मोठे कारण.

प्रीमियर लीगच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. टीव्हीच्या पैशाची आतली वाटणी तिथे इतर अनेक देशांपेक्षा बरी आहे. शेवटच्या क्रमांकाच्या क्लबालाही वर्षाला दहा कोटी पौंडांहून अधिक मिळतात. यात आपलाही वाटा आहे. शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, पण माझा भाचा ते इथे बसून पाहतो. मात्र ही बरी वाटणी वीस जणांच्या खोलीपुरतीच आहे. खोलीच्या दाराबाहेर एकदम खोल दरी. २०२३-२४ मध्ये वर चढलेले तिन्ही क्लब त्याच हंगामात खाली ढकलले गेले. २०२४-२५ मध्येही तेच, आणि त्या तिघांत माझे लेस्टर होते.

आता मालकांकडे येऊ. २००३ मध्ये रशियाच्या रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी घेतली. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या गटाने मँचेस्टर सिटी घेतली. त्याआधी सिटीने लीगचा किताब जिंकला होता तो १९६८ मध्ये. नंतर २०१२ ते २०२४ या काळात आठ किताब, त्यांतले शेवटचे चार सलग. इंग्लंडमध्ये असे आधी कधीच झाले नव्हते. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने न्यूकासल घेतली, तेव्हा तिथले काही गोरे चाहते डोक्याला अरबी रुमाल बांधून मैदानात आले. असे करू नका, असे शेवटी क्लबालाच सांगावे लागले.

अरबांच्या पैशावर तिथे जी टीका होते तिच्यात द्वेषाचा अंश असतो, हे मी नाकारत नाही. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड कर्ज काढून विकत घेतली आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवले. त्यावरून कुणी अमेरिकी माणसाच्या धर्माला नावे ठेवली नाहीत. माझ्या लेस्टरचे मालकही थायलंडचे अब्जाधीशच होते. श्रीमंत मालक ही काही अरबांनी काढलेली रीत नाही.

पण टीका करणाऱ्याच्या मनात द्वेष आहे, एवढ्याने टीका खोटी ठरत नाही. दौलत मूठभर हातांतच फिरत राहू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ते हात आपल्या कौमचे निघाले की शिकवण बदलते का? एका क्लबामागे देशाची तिजोरी आणि दुसऱ्यामागे गावातल्या लोकांची तिकिटे, या लढतीला मुकाबला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप लीगने सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवले. सिटीने ते नाकारले आहेत आणि आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. पण नियम पाळूनही एवढी दरी पडत असेल, तर दोष नियमांतही आहे.

ते नियमच पाहा. तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालेल, असा दंडक प्रीमियर लीगने घातला. ऐकायला शहाणपणाचा. पण ज्याची कमाई आधीच अफाट आहे तो या नियमात राहूनही अफाट खर्च करतो, आणि जो मागून येतो त्याचे पाय बांधले जातात. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे एकूण आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण या नियमाखाली कापले गेले. खुद्द न्यूकासलला, मागे सौदीची तिजोरी असताना, २०२४ मध्ये हिशेब जुळवण्यासाठी तरुण खेळाडू विकावे लागले. २०२५ मध्ये त्यांचा अलेक्झांडर इसाक साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलकडे गेला, आणि लिव्हरपूल तर तेव्हाचा विजेता होता. म्हणजे हा नियम दरी बुजवत नाही. आहे तिथे तिला कुंपण घालतो.

या शर्यतीची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर मँचेस्टरजवळच्या बेरी गावात जावे लागेल. तिथला क्लब १८८५ चा. त्याने दोनदा एफए कप जिंकला होता. ऐपतीबाहेरचा खर्च आणि कर्ज यांत तो बुडाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. तिथून थोड्याच अंतरावर मँचेस्टरचे दोन क्लब एकेका खेळाडूवर कोट्यवधी पौंड उधळत होते. बेरीच्या लोकांनी आपला क्लब पुन्हा उभा केला, पण आता तो कितीतरी पायऱ्या खाली आहे.

मग उपाय काय? आयपीएलसारखी प्रत्येक संघाला सारखी थैली द्यावी, असे कुणी म्हणेल. आयपीएलमध्ये २०२५ पर्यंतच्या अठरा हंगामांत आठ वेगवेगळे विजेते झाले, हे खरे. पण तिथे खालून वर यायला दारच नाही. इंग्लंडचे सौंदर्य त्या दारात आहे. २०२१ मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपच्या बंदिस्त सुपर लीगमध्ये जाण्याचा घाट घातला, तेव्हा त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली. दार उघडे ठेवायचे आणि पायऱ्यांवर पैसाही पोचवायचा, हाच मार्ग मला दिसतो. २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला. वरच्या लीगचे आणि खालच्या विभागांचे वाटणीवर एकमत झाले नाही, तर शेवटचा उपाय म्हणून त्याला मध्ये पडता येईल. तो हे बळ वापरतो का, यावर बरेच अवलंबून आहे.

आता भाच्याला उत्तर. बेटा, जर्सी खुशाल घाल. सिटी सुंदर खेळते, तेही मान्य. पण अभिमानच बाळगायचा तर मालकाचा कशाला? २६ एप्रिल २०२१ ला लेस्टरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसशी सामना चालू होता. रमजानचा महिना. इफ्तारची वेळ झाली तेव्हा दोन्ही संघांनी आधीच ठरवल्याप्रमाणे खेळ क्षणभर थांबला आणि लेस्टरच्या वेस्ली फोफानाने व पॅलेसच्या शेखू कुयाटेने रोजा सोडला. एक या संघाचा, एक त्या संघाचा. समोरच्याचीही गरज ओळखून दोघांनी मिळून घेतलेला तो निर्णय होता, आणि त्यासाठी कुणाची तिजोरी लागली नाही. मला अभिमान वाटतो तो याचा. हीच समज पैशाच्या वाटणीत यावी, एवढेच माझे मागणे आहे.