गांजाचा गुन्हा : किंमत नव्हे, वजन बघा, टेम्पो आणि गाळा कुणाच्या नावावर, तेही बघा

भिवंडी : गांजा पकडल्याची बातमी आली की आपण आधी किंमत वाचतो. ‘इतक्या लाखांचा माल जप्त.’ कायद्याला त्या किमतीशी काही देणंघेणं नाही. पकडलेला पोरगा लवकर घरी येणार की वर्षानुवर्षं आत राहणार, हे बरंचसं वजनावर ठरतं.

अमेरिकेत गांजा खुला झाला, आता आपल्याकडेही होणार, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. तिथं प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. आपल्याकडे १९८५ चा केंद्राचा एनडीपीएस कायदा आहे. तोच भिवंडीत, तोच सुरतेत, तोच ओडिशात. भांगेपुरते नियम तेवढे राज्याच्या दारूबंदी कायद्यात येतात.

एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प मात्रा. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक किलोच्या वर वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी मात्रा : कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, दंड एक ते दोन लाख. इथं कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आरोपपत्रालाही पोलिसांना १८० दिवस मिळतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. भिवंडी तालुक्याचं निम्मं अर्थकारण गोदामं आणि टेम्पोवर चालतं. कलम ६० प्रमाणे माल वाहणारी गाडी सरकारजमा होऊ शकते. ती वाचवायची तर मालकानेच सिद्ध करायचं, की आपल्याला माहिती नव्हती, आपल्या माणसाला नव्हती, गाडी ताब्यात असलेल्या ड्रायव्हरलाही नव्हती आणि सगळ्यांनी योग्य ती काळजी घेतली होती. ड्रायव्हरच सामील निघाला तर? हप्ते मालक भरत राहणार आणि टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत राहणार.

खोली किंवा गाळा जाणूनबुजून अशा धंद्याला वापरू दिला, तर कलम २५ खाली मालकालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरात एटीएसने भिवंडीतल्या एका फ्लॅटमधून सुमारे ८०० कोटींचं द्रवरूप मेफेड्रोन पकडलं होतं. तो गांजा नव्हे, पण कायदा हाच. भाडेकरार नोंदवून पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला लोक कंटाळतात. उद्या ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची वेळ आली तर हातात तेवढाच कागद असतो.

शेतात झाडं सापडली तर वजनाचा हिशेबच नाही. लागवडीला थेट दहा वर्षांपर्यंत शिक्षा. अजून एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. कलम ४७ प्रमाणे बेकायदा लागवड कळली की पंच, सरपंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांनी ताबडतोब पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणं हाही गुन्हा. सरपंचांच्या किती प्रशिक्षणांत हे सांगितलं जातं, हा प्रश्न पंचायत समितीला विचारायला हवा.

वजनातही एक मेख आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात मोजायच्या नाहीत. २०२२ मध्ये जामिनाच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला होता. त्यामुळे पंचनाम्यात ‘हिरवा पाला’ एवढंच लिहिलंय की शेंडे वेगळे दाखवलेत, हे वकिलाला पहिल्याच दिवशी तपासायला सांगा.

राहिली ओढणारी पोरं. सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात असेल आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला, तर कलम ६४-अ खाली त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते.