आधी सांगा, तुमच्या घरात नोकरी कोणाची?

जुनी पेन्शन, संप, युनियन हा विषय ढाणकीत कुठंही निघाला की मी आधी एकच पाहतो : बोलणाऱ्याच्या घरात सरकारी नोकरी आहे का? तेवढं कळलं की पुढचं भाषण काय असणार, हे बहुतेक वेळा आधीच कळते.

१४ ते २० मार्च २०२३ आठवा. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर होते. त्याच दिवसांत अवकाळी पाऊस, गारपीट झाली. तलाठी, ग्रामसेवक संपात. पंचनामे कोण करणार? शेतकरी म्हणाला, "यायले पगार कमी पडते काय?" त्याचा राग खरा होता.

पण मास्तरचं दुखणंही खरंच होतं. ३१ ऑक्टोबर २००५ पर्यंत लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, अन् दुसऱ्या दिवशी लागलेल्याला बाजाराच्या भरवशावरचा एनपीएस. शाळा तीच, काम तेच.

आता गंमत पाहा. २०२१-२२ मध्ये एसटीवाले विलीनीकरणासाठी पाच महिन्यांवर संपात होते. तेव्हा यातलेच काही पगारदार म्हणत होते, "एसटी खासगी करून टाका." वर्ष उलटायच्या आत तेच मोर्चात!

माझंही सांगून टाकतो. मेहुणा २००५ नंतर लागलेला झेडपीचा शिक्षक, भाऊ शेतकरी. मला स्वतःला ना पेन्शन, ना पीएफ.

तरी माझं मत असं : शेतकऱ्याला पेन्शन नाही म्हणून मास्तरची काढा, हा हिशेब चुकीचा आहे. खासगी कामगारांच्या ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे. मास्तरची कापल्यानं ती वाढत नाही. एकदा आमदार झालेल्याला मात्र महिन्याला ५० हजार. ती कोणी एनपीएसमध्ये टाकली नाही. अन् ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं युपीएस स्वीकारली, २५ वर्षं सेवेनंतर सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. एकजूट नसती तर एवढंही मिळालं नसतं.

पण युनियनवाल्यांनाही विचारतो. शेजारच्या टेबलावरचा कंत्राटी ऑपरेटर, गावातली आशाताई, यांची मागणी तुमच्या कागदावर असते. तिच्यासाठी कायम नोकरीवाले किती दिवस बसले? मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता उचलणाऱ्या सभासदाला संघटनेनं कधी टोकलं? गावाचा अर्धा राग तिथूनच येतो बाप्पा.

कॉमेंटमध्ये भांडा, जरूर भांडा. फक्त पहिल्या ओळीत लिहा, घरात नोकरी कोणाची, शेती किती. मग मुद्दा मांडा. स्वार्थ सगळ्यांनाच आहे. तो सांगून बोललात, तर समोरचाही ऐकून घेईल.