विषाला पर्याय मिळेल, शिस्तीला नाही

रासायनिक फवारणीला पर्याय म्हणून पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची, चर्चा आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. तिला आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातील फनेल-वेब कोळ्याच्या विषात सापडलेले एक पेप्टाइड अमेरिकेतील वेस्टारॉन कंपनी यीस्टच्या किण्वनातून तयार करते आणि 'स्पिअर' या नावाने कीटकनाशक म्हणून विकते. हे पेप्टाइड किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालते आणि पुढे विघटन होऊन त्याची अमिनो आम्ले उरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याला अवशेष-मर्यादेतून सूट दिली आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षे अडकल्याचा फटका सोसलेल्या नाशिकच्या बागायतदाराला या सवलतीचे मोल वेगळे सांगायला नको.

यावर आक्षेप येतो तो किमतीचा आणि टिकण्याचा. जे लवकर विघटित होते ते पानावरही फार दिवस राहत नाही, म्हणजे फवारण्या वाढणार आणि खर्चही. आक्षेप खरा आहे, पण हिशेब अर्धा आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीच्या किमतीत तो खर्च कुठेच धरलेला नसतो. काढणीच्या तोंडावर, अवशेषांची धास्ती सर्वाधिक असताना, महागडी फवारणीही परवडू शकते.

माझी शंका वेगळी आहे. एका जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीतला कीडनाशक घटकही प्रथिनच होता. 2002 मध्ये तो आला, अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली आणि आपण निर्धास्त झालो. अळी बीटीला सरावू नये म्हणून लावायच्या बिगर-बीटी कपाशीच्या ओळी कागदावर राहिल्या, हंगामानंतरही पीक उभे ठेवण्याच्या फरदडीने अळीला बारमाही खाद्य मिळाले आणि गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-2 या पुढच्या पिढीच्या बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली. पेप्टाइड जैविक आहे म्हणून कीड त्याला सरावणार नाही, हा भ्रम आहे. शिवाय अळीच्या आतड्याची भिंत ओलांडता यावी म्हणून 'स्पिअर'चा अळीवरचा प्रकार त्याच बीटी जिवाणूच्या फवारणीच्या जोडीने वापरावा लागतो. ज्या अळीने बीटी पचवले तिच्यापुढे ही जोडी लंगडीच पडणार, आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत तर कोणतीच फवारणी पोचत नाही.

म्हणून स्वागत करायचे ते अटी घालून. कृषी विद्यापीठांनी आपल्याच पिकांवर, आपल्याच किडींवर चाचण्या घ्याव्यात. औषध किडीवर कोणत्या पद्धतीने काम करते त्याचा गट क्रमांक लेबलवर मराठीत ठळक छापावा, म्हणजे फेरपालट करताना कृषी सेवा केंद्राच्या सल्ल्यावर विसंबावे लागणार नाही. आणि प्रथिनांचे विघटन करून बनवलेली वाढवर्धक टॉनिके 'पेप्टाइड' या नावाखाली कीडनाशक म्हणून खपवणाऱ्यांवर कारवाई व्हावी. एवढे झाले नाही, तर बोलगार्डची गत पेप्टाइडचीही होईल आणि दोष मात्र तंत्रज्ञानाच्या माथी मारला जाईल.