हे माप कुणाच्या अंगाचं?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक विद्यार्थिनी आली होती. विद्यापीठात संशोधन करते. हातात छापील प्रश्नावली. बायकांची कामं, दुखणी, घरातले निर्णय, सगळं तिला विचारायचं होतं. मुलगी गुणी होती, मनापासून विचारत होती. पण पहिल्याच पानावर आमच्या एका मावशींनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "मागे एक ताई अशाच लिहून घेऊन गेल्या. त्याचं पुढं काय झालं, बाळा?" मुलीला उत्तर देता आलं नाही. आम्हालाही आलं नाही. त्या मागच्या ताईंना गटात आम्हीच आणलं होतं.

मावशींचा हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच लिहितो आहोत. विद्यापीठांमधलं संशोधन म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट, असं आपल्यापैकी अनेकींना वाटतं. पण मोटार, औषध आणि ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक यांचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे, आणि या तिन्हींमागे कुणीतरी केलेली मोजमापं आहेत. ती कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नक्कीच आहे.

आधी मोटारीचं बघू. गाडी सुरक्षित आहे की नाही हे तपासण्यासाठी तिच्यात बाहुला बसवून ती भिंतीवर आदळतात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वापरात असलेला मुख्य बाहुला सरासरी पुरुषाच्या अंगलटीचा आहे. बाईचा म्हणून जो बाहुला पुढे आला, तो बराचसा पुरुषाचाच, लहान केलेला. उंची जेमतेम दीड मीटर, वजन ४९ किलो. बाईची मान, ओटीपोट, बसण्याची ढब वेगळी असते, याचा विचारच नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि २०१९ साली निष्कर्ष मांडला. समोरासमोरच्या टकरीत पट्टा बांधलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा बांधलेल्या पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त होती. वय, उंची, टकरीचा जोर या सगळ्याचा हिशेब करूनही फरक उरला. सरासरी बाईच्या अंगाचा, १६२ सेंटिमीटर उंचीचा बाहुला स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तो लोकांसमोर आला २०२२ मध्ये. मोटारी मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ धावताहेत.

औषधांची गोष्टही अशीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना दिली. हेतू गर्भाच्या संरक्षणाचा. परिणाम असा झाला की औषध पुरुषांवर तपासायचं आणि बायकांनाही द्यायचं. तिथल्या स्त्रियांच्या चळवळीने रेटा लावल्यावर १९९३ साली हे धोरण बदललं. पण आधीचं नुकसान लगेच भरून निघत नाही. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी तिथे १९९२ मध्ये आली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना गुंगी राहू शकते, म्हणून बायकांसाठी तिची मात्रा निम्मी करण्याचा आदेश निघाला तो २०१३ मध्ये. वीस वर्षं बायका दुप्पट मात्रा घेत होत्या. प्रयोगशाळेतल्या उंदरांचीही हीच कथा. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बिअरी आणि झुकर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की प्राण्यांवरच्या प्रयोगांत जीवशास्त्राच्या दहापैकी आठ शाखांमध्ये नरांकडेच कल होता.

कुणी म्हणेल, ही अमेरिकेतली उदाहरणं, आपला काय संबंध? संबंध असा, की तीच औषधं, त्याच पद्धतीने तपासलेल्या गाड्या आपल्याकडे येतात. आणि आपल्याकडचे प्रश्न तर अजून मोजलेच जायचे आहेत. दुचाकीवर मागे एका अंगाने बसणारी, मांडीवर मूल घेतलेली बाई कुठल्या चाचणीच्या बाहुल्यात आहे? पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला अडसर हवा, एवढं आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. म्हणजे कुणीतरी तिच्याकडे पाहिलं, तर नियम होऊ शकतो!

पाहिलं तर काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण समाजशास्त्रांमधलं आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. पंचायतीत बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या तेव्हा "सह्या बाईच्या, कारभार नवऱ्याचा" असं सर्रास हिणवलं गेलं. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो या अभ्यासकांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या २६५ पंचायतींची पाहणी केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं आढळलं. बायकांच्या तक्रारीही पाण्याच्याच होत्या. रस्त्याचं मात्र गंमतशीर होतं. बंगालात रस्त्याच्या तक्रारी बायकांच्या होत्या, तिथे रस्ते वाढले. राजस्थानात त्या पुरुषांच्या होत्या, तिथे बायकांनी रस्त्यांवर कमी खर्च केला. म्हणजे निवडून आलेल्या बायका आपल्या गावच्या बायकांचं ऐकत होत्या. आपण हे अनुभवाने सांगत होतोच. पण आकडे हातात आले की जिल्हा परिषदेत बोलताना आवाजाला वजन येतं, हेही आपण अनुभवलं आहे.

मग आपल्या राज्यातल्या ऊसतोडीकडे या. इथे मोजणीचं एकक आहे "कोयता". एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल कोयत्याला मिळते, ती बहुधा नवऱ्याच्या हातात जाते, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. पहाटे तोडायला लागणारी, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी, पालात परतून चूल पेटवणारी बाई त्या हिशेबात स्वतंत्र माणूस म्हणून नाहीच. खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग पाळीचा त्रास, अंगावरून जाणं यावर उपाय म्हणून पिशवीच काढून टाकायची! बीड जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी हे वेशीवर टांगलं, तेव्हा २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरांत जवळपास सतरा. त्याआधीही ऊस, साखर, उतारा, वाहतूक यांवर संशोधनाला तोटा नव्हता. बाईला वेगळं मोजावं हे मात्र तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आरडाओरडा करेपर्यंत सुचलं नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. मोजलं, पुढं काय?

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात तपासणी नाही, फक्त माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या आजाराचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगाला हे ज्ञान मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांनी दिलं. जागतिक आरोग्य संघटना आज हीच तपासणी पहिली करा म्हणते. पण चौथ्या गटात ६४ बायका या आजाराने गेल्या. त्यांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये कडक टीका झाली. त्या काळी आपल्या देशात नियमित तपासणी नव्हती, ही दुसरी बाजू. हा वाद आपण समजून घ्यायलाच हवा. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. ज्ञान आपल्या अंगावरून गोळा झालं, जगभर गेलं, आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलं नाही.

संशोधनाला पाठ दाखवा असं आम्ही म्हणत नाही. पाठ दाखवली तर माप पुन्हा पुरुषाच्याच अंगाचं राहील. पण यापुढे आपल्या गटाच्या दारात प्रश्नावली आली की आपणही तीन प्रश्न विचारू या. हे प्रश्न ठरवताना बायकांना विचारलं होतं का? उत्तर न देण्याची, मधेच उठून जाण्याची मोकळीक आहे का, आणि ती मराठीत, समजेल अशी सांगितली का? निष्कर्ष आला की तो घेऊन आमच्या बैठकीला कोण, कधी येणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आणि विद्यापीठांत शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही विषय निवडताना एकदा गटात येऊन बसा. कंबर कशाने धरते, पाण्याला किती वेळ जातो, कोयत्यात बाईचा वाटा किती, असे कितीतरी विषय तिथे वाट पाहताहेत.

ती विद्यार्थिनी परत आली. तिने दोन प्रश्न काढले, मावशींनी सुचवलेले चार घातले, आणि निष्कर्ष वाचून दाखवायला येईन असं आमच्या वहीत लिहून सही केली. मावशींनी ते पान दुमडून ठेवलं आहे.

तुमच्या गटाला असे अनुभव आले असतील. बरे, वाईट, दोन्ही. जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.

– संपादक मंडळ