सामाईक सुतारखाना

पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनीं फडपद्धतींत पाणी सामाईक राखलें, पाटकरीही मिळून नेमिला. मग सुतारकामच तेवढें ज्याचें त्यानें कां पाहावें? बलुतें मोडलें, सुताराचें घरोघर येणें थांबलें. हल्लीं ओल्या बाभळीचाच वखर घडवितात. लांकूड वाळतांच आकसतें, सांधे ढिले होतात व ऐन पेरणींत औत अडतें. ट्रॅक्टर आला तरी कुदळ-कुऱ्हाडीस दांडा लागतोच. आमचें मत असें कीं, पिंपळनेरकरांनीं वर्गणीनें एक छप्पर उभारावें आणि वाऱ्यानें पडलेल्या बाभळी चिरून, फळ्यांमध्यें पट्ट्या घालून, त्या सावलींत वर्षभर वाळवाव्या. करवत-रंधा सर्वांचा असावा. धार मात्र सुतारानेंच लावावी, नाहींतर महिन्यांत भंगार! त्याची मजुरी रोख द्यावी, पसाभर दाण्यांवर बोळवण नको.